मधुवंती संध्याकाळी येते

"तुमच्या आयुष्यात गोष्टच नाही हो, मास्तर," केळुसकर म्हणाले आणि त्यांनी कपबशी खाली ठेवली.

माझे वडील दत्तोबा किणीकर पेटीवर हात टेकवून बसले होते. नाटक कंपनीत पेटीवाला म्हणून लागलेला हा माणूस. पुढं कोल्हापुरात बोलपट निघायला लागले तेव्हा त्यांना चाली द्यायला लागला, आणि त्यातल्या एका गाण्यानं त्याचं नाव घरोघर नेलं. अशा माणसाच्या आयुष्यात गोष्ट नाही असं तोंडावर म्हटल्यावर दुसरा कुणी चिडला असता. आबा नुसते हसले.

"खरंय," ते म्हणाले. "पेटी आणि जेवण. मधे गोष्टीला सवडच मिळाली नाही."

केळुसकर पटकथा लिहायला मुंबईहून आले होते. त्यांना आणलं होतं अण्णासाहेब इंगवल्यांनी. इंगवल्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि आबांवर सिनेमा काढायचा घाट त्यांनीच घातला होता. मुंबईत त्यांनी एक इंग्रजी सिनेमा बघितला, कुठल्याशा गोऱ्या गाणीवाल्याच्या आयुष्यावरचा, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"काय सांगू मास्तर, रडू आलं बघा मला," इंगवले म्हणाले. "ती पोरगी त्याला सोडून जाती, आणि ह्यो पेटीवर बसतोय. त्यांचा तो मोठा पियानो हो. आणि मग मला कळलं, त्या गड्याची खरी बायको अजून ठणठणीत हाय. सिनेमात बिनलग्नाचा! ती पोरगी जन्मालाच आली नव्हती. गाणी तेवढी खरी, बाकी सगळी लोणकढी."

"तिकडे असंच करतात," केळुसकर म्हणाले. "मी पुष्कळ पाहिलेत. संगीतकाराला गाणं सुचतं ते घोड्याच्या टापांवरून, नाहीतर आगगाडीच्या चाकांवरून. डोकं वर करून आकाशाकडे बघतो, दोन मिनिटांत अख्खं गाणं तयार. खोलीत एकटाच असतो, पण मागे साठ व्हायोलिनं वाजतात."

मी शाळेच्या वह्या तपासत कोपऱ्यात बसले होते. मला हसू आलं. मुलींच्या शाळेत शिकवते म्हणून मला अशा बैठकीत बसायची मुभा होती, बोलायची नव्हती.

"बरं, 'चांद उतरला' कसं सुचलं ते तरी सांगा," केळुसकर म्हणाले.

हेच ते गाणं. 'चांद उतरला, रात उतरली, हाक कुणाला घालू मी.' लग्नात, गणपतीत, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे हेच.

आबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत खोडकर हसू आलं. मला कळलं आता काय सांगणार ते. आबा चाल आधी बांधायचे, शब्द नंतर कवीकडून यायचे. पण चाल घोळवायला तोंडात काहीतरी लागतंच, आणि आबा त्यासाठी आईच्या तोंडचं वाक्य उचलायचे. आई काही सांगायला आली की हे तिचंच बोलणं फिरवून सुरात म्हणायचे आणि ती चिडायची. आमच्या घरात अर्ध्या महाराष्ट्राची प्रेमगीतं आधी डाळ-तांदळाची म्हणून जन्मली होती.

"त्याचं काय झालं," आबांनी सुरुवात केली, "त्या दिवशी घरात पीठ..."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ आई दारात. पदर डोक्यावर, हातात उलथनं.

"चांदण्यात सुचलं," ती म्हणाली. "रंकाळ्यावर. नावेत बसले होते. तसंच लिवा."

"अगं, पण..."

"घरात पीठ न्हवतं हे काय चारचौघांत सांगायचं असतंय?" ती पुटपुटली.

इंगवल्यांनी मांडीवर थाप मारली. "वैनी, फर्स्टक्लास! नाव, चांदणं! आणि नावेत कोण होतं?"

"असंल कोण तरी," आई म्हणाली. तिलाही आता हसू येत होतं.

"नाव सांगा की मग तुम्हीच."

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मधुवंती."

हे नाव मला ठाऊक होतं. मी जन्मले तेव्हा आईच्या मनात माझं हेच नाव होतं, आबांच्या आवडत्या रागाचं. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्यानं पाळण्यात माझ्या कानात स्वतःच्या सासूचं नाव सांगितलं. म्हणून मी अंबू. आईचं ते नाव इतकी वर्षं तसंच पडून होतं. ते तिनं त्या दिवशी देऊन टाकलं, आणि आत जाऊन पोळी उलटली.

सिनेमा अर्धा झाला असेल नसेल, तेव्हा आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. वाचा परत आली, पण डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं. स्वतःचं नाव सांगायचे, गावाचं सांगायचे. मी कोण हे कधी आठवायचं, कधी नाही. आईला मात्र ते एकदम परकी बाई समजायला लागले. ती भरवायला बसली की संकोचून म्हणायचे, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

ती हे ऐकायची आणि घास पुढं करायची. ती रडली नाही. तिनं मनाशी एक धरून ठेवलं होतं. सिनेमा झाला की त्यांना दाखवायचा.

"तेवढी गाणी कानावर पडली की सगळं आठवंल त्यांना," ती मला म्हणायची. "त्यांचीच गाणी हायत. त्यांचाच जन्म हाय."

इंगवल्यांनी स्टुडिओतच सिनेमाचा ट्रायल खेळ ठेवला. दुपारची वेळ होती. खुर्चीत घालून आबांना नेलं. आई त्यांच्या शेजारी बसली, मी मागं.

पडद्यावर आबा होते. तरणेबांड, कुरळ्या केसांचे, झब्ब्याच्या बाह्या दुमडलेले. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे आई नव्हती, आणि ओघानं मीही नव्हते. मी बसल्या जागी स्वतःला चिमटा काढला. ते एका सरदाराच्या मुलीच्या प्रेमात होते. ती पांढरीशुभ्र साडी नेसून नावेत बसायची आणि पुण्याच्या मराठीत बोलायची. वल्ह्यांच्या आवाजावर आबांना गाणं सुचलं. आकाशाकडं बघितलं, आणि दोन मिनिटांत अख्खं गाणं, मागे व्हायोलिनं.

गाणं सुरू झालं आणि आबांचा डावा हात हलला. आईच्या मनगटावर ते बोटांनी ठेका धरायला लागले. आईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. अंधारातही तिचा चेहरा मला दिसला. तेवढा आनंद मी तिच्या तोंडावर पुन्हा कधी बघितला नाही.

शेवटी मधुवंतीला तिचा बाप लांब घेऊन जातो. नावेत चढताना ती मागं वळते आणि म्हणते, "गात राहा. मी येईन. एका संध्याकाळी मी नक्की येईन." सिनेमा तिथं संपला. दिवे लागले.

आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आठवलं?" आईनं विचारलं. "आठवलं न्हवं?"

"सगळं आठवलं," आबा म्हणाले. आणि तिचा हात बाजूला करून पडद्याकडं बघत त्यांनी विचारलं, "ती कधी यायची म्हणाली?"

त्या दिवसापासून आबा संध्याकाळी पुढच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. आमचं घर बैठं, पुढं गल्ली, मागं परसू, आणि घराला वळसा घालून जाणारी एक बोळकांडी. गल्लीच्या टोकावर डोळे लावून ते बसायचे. दिवेलागण झाली की आई ताट घेऊन यायची.

"बाई, तुम्ही जेवून घ्या," ते म्हणायचे. "मी थांबतो. ती आल्यावर जेवीन."

आधी ते दुपारचं तरी खायचे. मग दुपारचंही सुटलं. दूध दिलं तर पेला तिच्यासाठी झाकून ठेवायचे. आई घास तोंडाशी न्यायची, ते ओठ मिटून मान फिरवायचे. जबरदस्तीनं भरवायला गेलो तर घास सांडायचा आणि ते लहान मुलासारखे रडायचे. झब्ब्यातून खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर आले, सलाइन लावून गेले आणि मला परसात म्हणाले, "हे किती दिवस चालणार? पोटात अन्न गेलं पाहिजे. नाहीतर ते राहत नाहीत."

आईनं ट्रंकेतून लग्नाचा फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाशिंग बांधलेले आबा, शेजारी खाली मान घातलेली आई. त्यांनी तो नीट बघितला.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचा?"

मी तो फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. मला त्यांचा इतका राग आला होता की मला तिथं उभं राहवेना. आजारी माणसावर रागवू नये हे मला कळत होतं. तरी आला. आयुष्यभर जिच्या हातचं खाल्लं तिला बाई म्हणायचं, आणि केळुसकरांच्या टाकातून निघालेल्या पोरीसाठी उपाशी मरायचं?

शेवटी आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. इंगवले आणि केळुसकर दोघेही होते, जाहिरातीचं काहीतरी चाललं होतं. आई आत शिरली आणि सरळ इंगवल्यांच्या पाया पडली.

"वैनी, वैनी, हे काय करतायसा!" ते ताडकन उठले.

"तिला एकदा आणा," आई म्हणाली. "त्या पोरीला. नुसतं दारात उभी ऱ्हाऊ दे. म्हणू दे, जेवा. मी पुन्ना काय मागणार न्हाई."

इंगवले माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठनं आणू वैनी? ती मद्रासला गेलीया. तिचं काम संपलं की कोल्हापूर म्हणून गाव हाय हेसुद्धा तिला आठवत न्हाई. तारा केल्या तरी यायची न्हाई."

"मग त्यांना सांगा, ती वारली म्हणून," केळुसकर हलकेच म्हणाले. "रडतील, पण वाट बघायचं थांबेल."

"आणि तिच्यामागनं हेबी जातील," आई म्हणाली. "तुम्ही लिवता, तुम्हाला एवढं कळंना?"

केळुसकरांनी मान खाली घातली. मग आईनं पदरानं तोंड पुसलं.

"तिची साडी हाय न्हवं?" तिनं विचारलं. "नावेतली?"

कपडेपटातून साडी आली. आई ती हातात घेऊन बघतच राहिली. पडद्यावर चांदण्यासारखी पांढरी दिसलेली ती साडी पिवळट होती, ताकात हळद सांडल्यासारखी. पांढरं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर येतं म्हणून तसंच रंगवतात, इंगवले म्हणाले. आईनं ती घडी करून छातीशी धरली आणि आम्ही घरी आलो.

"आई, तू पन्नाशीची आहेस," मी वाटेत म्हणाले. "तुझा पुढचा दात पडलाय. ते काय आंधळे आहेत?"

"तोंड मिटून बोलीन."

"आणि बोलणार काय?"

"तिचं एक वाक्य हाय माझ्या ध्यानात," ती म्हणाली.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत साडी नेसली. अंबाडा सोडून वेणी घातली. हिरव्या बांगड्या उतरवल्या. मग तिचे हात गळ्याशी गेले, आणि तिनं मंगळसूत्र काढलं.

"आई!" मी तिचा हात धरला. "ते असू दे. पदराखाली झाक हवं तर. ते जिवंत असताना असलं अभद्र काय करतेस?"

"ती बिनलग्नाची हाय, अंबे. दिसलं तर ते वळकतील ही न्हवं म्हणून." तिनं मंगळसूत्र माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. "आणि त्यांनी खाल्लं न्हाई तर तसंबी उतरवायचंच हाय."

ती मागच्या दारानं बाहेर पडली, बोळकांडीतून वळसा घालून गल्लीच्या टोकाला गेली, आणि तिथून आमच्या घराकडं चालत यायला लागली. मी आतल्या खिडकीपाशी उभी होते. ऊन नुकतंच उतरलं होतं. तिला चालताना बघून मला वाटलं, आत्ता हे म्हणणार, बाई, तुम्ही ही कुणाची साडी नेसलात?

आबा काठीवर भार देऊन उठले. पडतील म्हणून मी धावणार तोच चौकटीला टेकून त्यांनी डावा हात पुढं केला.

"आलात?" ते म्हणाले. "मधुवंती, आलात तुम्ही!"

"मी म्हणाले होते ना, मी नक्की येईन," आई म्हणाली. एकेक शब्द ती पाय जपून टाकावा तसा उच्चारत होती. "आता आपण... जेवावे."

आबांनी भाकरी कुस्करलेलं दूध तिच्या हातानं खाल्लं. वाटी निपटली. मी खिडकीखाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

मग मधुवंती रोज संध्याकाळी यायला लागली. दिवसभर आईला आबा बाई म्हणायचे, तिच्या हातून कसंबसं चहाचं पाणी घ्यायचे. ऊन उतरलं की आई मागच्या दारानं जायची आणि पुढच्या दारानं मधुवंती यायची. आबांच्या गालांवर मांस चढलं. डॉक्टर म्हणाले, चमत्कार आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही.

पण जेवण झालं की आबा मधुवंतीशी बोलायचे, आणि ते ऐकवायचं नाही. "तुमचे डोळे आज दमलेत," म्हणायचे. "तुम्ही आलात की घरात दिवा लागतो." एकदा त्यांनी तिच्या हातावरचा तव्याचा जुना डाग बघितला आणि त्यावर फुंकर घातली.

त्या संध्याकाळी साडी सोडताना आई एकाएकी मटकन खाली बसली.

"मला कधी असं बोलले न्हाईत गं," ती म्हणाली. "कधी नाव घिऊन हाक मारली न्हाई. अगं, ऐकलंस का, एवढंच. आता एवढं गोड बोलायला लागले, तर कुणाशी? सवत आणली असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या मी. हिचं काय करू? मीच नाव ठेवलं की हिचं."

"उद्या जाऊ नकोस," मी म्हणाले.

"आणि जेवतील कसं?"

माझ्या मुठीतलं मंगळसूत्र घेऊन तिनं गळ्यात घातलं आणि भांडी घासायला बसली.

पुढं केव्हातरी ते झालं. आभाळ भरून आलं होतं, म्हणून आई जरा लवकरच पुढच्या दारात आली. आबा उठले नाहीत. त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं.

"मधुवंती," ते म्हणाले, "तुम्ही आता येऊ नका."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "का? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. माझं चुकतंय." आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगितलं नाही मी. माझं लग्न झालंय. घरी माझी बायको आहे. गोदू."

आईचं नाव गोदावरी. तिला गोदू म्हणताना मी आबांना जन्मात ऐकलं नव्हतं.

"ती काही बोलायची नाही," आबा म्हणाले. "पण तिला कळलं असणार. मी पीठ आणायला म्हणून बाहेर पडलो हो. तिनं सांगितलं होतं, पीठ संपलंय. आणि मी इथं येऊन बसलो, तो बसलोच. किती वेळ झाला कोण जाणे. ती तवा चुलीवर ठेवून वाट बघत असेल. उपाशी असेल. मी गेल्याशिवाय ती जेवत नाही."

आणि मग ते हळू आवाजात गायला लागले. चाल तीच, साऱ्या महाराष्ट्राची.

"पीठ संपले, मीठ संपले, काय तव्यावर टाकू मी..."

आई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. मग तिनं हात काढले आणि पुढं झुकून त्यांचा चेहरा ओंजळीत धरला.

"अहो, मीच ती," ती म्हणाली. मधुवंतीची भाषा गळून पडली होती. "बघा की माझ्याकडं. मीच गोदू हाय. मी हितंच हाय!"

आबा तिच्याकडं फार मायेनं हसले, आणि त्यांनी मान हलवली.

"तुम्ही चांदण्यातल्या," ते म्हणाले. "ती वेगळी."

आई उठली. ती दारातून बाहेर पडली, गल्ली सोडून बोळकांडीत वळली आणि मला मागच्या दारातून आत येताना दिसली. आत येता येताच तिनं साडी फेडून भिरकावली. रोजचं लुगडं कसंबसं गुंडाळलं. मी मंगळसूत्र पुढं केलं, ते तिला दिसलंही नाही. ती तशीच पुढच्या खोलीत गेली.

आबा काठी शोधत होते.

"बाई," तिला बघून ते म्हणाले, "मला घरी पोचवाल का? मला वाट सापडेना."

मला वाटलं, आता ही कोसळते. स्वतःच्या घरात बसून घरी पोचवा म्हणणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार? पण आई दारात उभी राहून त्यांच्याकडं बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावर तवा तापलाय की नाही हे बघताना असायचा तसा विचार आला.

"अंबे," ती मान न वळवता म्हणाली, "आत जा. चूल पेटव. रिकामा तवा ठेव."

मग तिनं आबांचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. "चला," म्हणाली. "मला ठाव हाय तुमचं घर."

दोघं पुढच्या दारानं बाहेर पडली. मी चूल पेटवली आणि तवा ठेवला, आणि कान लावून उभी राहिले. आबांचा लुळा पाय बोळकांडीत घासत येत होता. मधे ते थांबले. आईचा आवाज आला, "आता जवळच हाय." पुन्हा पाय घासायला लागला. मागच्या दाराशी आबांनी चौकटीला हात लावला. उंबऱ्यापाशी एक फरशी फुटकी होती. तिच्यावर पाय पडू नये म्हणून ते बरोबर डावीकडून आत आले, पूर्वी यायचे तसे.

धूर होता. तवा तापला होता. आईनं त्यांना पाटावर बसवलं आणि ती चुलीसमोर जाऊन उकिडवी बसली, त्यांच्याकडं पाठ करून. तिचे खांदे हलत होते.

आबांनी त्या पाठीकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. माझ्या मुठीत मंगळसूत्राचे मणी रुतले होते.

"अगं," आबा अपराध्यासारखे म्हणाले, "ऐकलंस का? गिरणी बंद होती."

आई वळली नाही. उलथनं तव्यावर आपटून ती ओरडली, अगदी पूर्वी ओरडायची तसं, फक्त आवाज मधेच फुटला.

"पीठ संपलंय, मीठ संपलंय! आता तव्यावर काय टाकू मी?"

आबांनी मान खाली घातली आणि डाव्या हाताच्या बोटांनी पाटावर ठेका धरला.

पुढं मीही तसले दोन-तीन इंग्रजी सिनेमे बघितले. सगळे चांगले होते. घोड्याच्या टापा वाजत, माणूस वर बघे, साठ व्हायोलिनं सुरू होत, आणि मला वाटे, ह्याच्या स्वयंपाकघरात आत्ता कोण बसलंय? 'चांद उतरला' रेडिओवर लागतं तेव्हा अजूनही रंकाळ्याची आणि नावेची हकिकत सांगतात. मी कुणाला दुरुस्त करायला जात नाही. आईनंच सांगितलं होतं, तसंच लिवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिला पुन्हा बाई म्हणाले. संध्याकाळी पुन्हा पुढच्या दारात जाऊन बसले आणि वाट चुकलो म्हणाले. साडी इंगवल्यांकडं परत गेली होती. आईनं त्यांचा हात खांद्यावर घेतला, त्यांना पुढच्या दारानं बाहेर काढलं आणि बोळकांडीतून मागच्या दारानं घरी आणलं, आणि पाटावर बसवून भरवलं. आबा गेले त्या दिवसापर्यंत तिनं त्यांना असं रोज घरी आणलं. डबा काठोकाठ भरलेला असला तरी आमच्या घरातलं पीठ रोज संपलेलं असायचं.